सड्यावर नुसते दगड? मलबारी चंडोलाचं घर समजून घेताना

गोव्यात हल्ली कुठल्याही ग्रामसभेला जा, दोन शब्द कानावर पडतातच: ‘भूरूपांतर’, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर बदलणं, आणि त्याला वाट करून देणारं नगरनियोजन कायद्यातलं ‘कलम ३९अ’. आमच्याकडेही तेच चाललं होतं. गावाच्या वरच्या सड्याचं, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराचं, काय होणार यावर आवाज चढले, तेव्हा मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठून म्हणाले, “सड्यार कितें आसा? फातर!” सगळे हसले. मीही हसलो. हसायला नको होतं, कारण त्याच सड्यावर मी कित्येक वर्षं सकाळी फिरायला जातो आणि तिथे दगडांशिवाय काय आहे ते मला चांगलं ठाऊक आहे.

तिथे एक पक्षी राहतो. मलबारी चंडोल त्याचं नाव. या एका पक्ष्याचं आयुष्य नीट समजलं, की सडा म्हणजे काय, तिथे झाडं लावणं नेहमीच पुण्याचं का नसतं आणि ‘पडीक’ हा सरकारी शब्द किती फसवा आहे, हे सगळं आपोआप उलगडतं. म्हणून हा लेख.

आधी सडा समजून घेऊ

मोप, पर्वरी, ताळगाव, वेर्णा ही नावं डोळ्यांसमोर आणा. समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधल्या पट्ट्यात माथ्यावर सपाट अशी ही पठारं आहेत. माथ्याचा दगड जांभा. तो कापून आपण घरासाठी जो ठोकळा काढतो, त्याला चिरा म्हणतो.

जांभा तयार कसा झाला? लाखो वर्षं पाऊस मूळ खडकाला धूत राहिला. विरघळणारं ते वाहून गेलं, लोखंड आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे उरली. लोखंडामुळे रंग तांबडा आला. उघड्यावर पडलेला हा थर वाळून टणक होतो, म्हणून खाणीतून काढतानाचा चिरा मऊ आणि भिंतीत बसलेला कडक. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टराने केरळात लोक हा दगड विटांसारखा कापताना पाहिले आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ नाव दिलं. आपले गवंडी त्याआधी कितीतरी पिढ्या ते काम करत होते, ही गोष्ट वेगळी.

अशा माथ्यावर माती असते जेमतेम वीतभर, कित्येक ठिकाणी तीही नाही. जूनपासून चार महिने पाणी साचून राहतं आणि मार्चनंतर तोच दगड तव्यासारखा तापतो. मोठ्या झाडाचं मूळ जाणार कुठे? म्हणून इथे राज्य गवताचं. जूनमध्ये हिरवळ फुटते, श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं आणि गेंद फुलतात, दिवाळीपर्यंत गवत पिवळं पडतं आणि शिमग्याला नुसती काडी उरते.

म्हणजे सडा हे कुणीतरी तोडून टाकलेलं जंगल नाही. बऱ्याच जागी तो मुळातच उघडा आहे. घरापुढच्या अंगणात झाड नाही म्हणून कुणी त्याला पडीक म्हणत नाही. तिथे सोलं वाळतात, पापड वाळतात, मुलं खेळतात, मांडव पडतो. अंगण मोकळं असतं म्हणूनच ते अंगण. सड्याचं तसंच.

या अंगणात राहतो कोण?

चिमणीपेक्षा किंचित मोठा, बुलबुलापेक्षा लहान. चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १६ सेंटिमीटर. पाठ तांबूस तपकिरी, तिच्यावर गडद रेघा, छातीवरही रेघा. डोक्यावर टोकदार तुरा, मनात येईल तेव्हा उभा करायचा आणि नको तेव्हा पाडायचा. तुरा पाडून तो चिऱ्याच्या तुकड्याशेजारी बसला, की दहा पावलांवरूनही दिसत नाही. रंगच चिऱ्याचा.

चंडोल चिमणीसारखा उड्या मारत नाही, चालतो. मागच्या बोटाची नखी लांब असते. दगडगोट्यांत, गवताच्या खुंटांत तो भराभर पावलं टाकत जातो, थांबतो, काही टिपतो, पुन्हा पळतो. एकदा पावसानंतरच्या ओल्या लाल मातीत मी त्याच्या पावलांची ओळ पाहिली होती. एकामागे एक, शिवणीच्या टाक्यांसारखी, आणि प्रत्येक पावलामागे नखीची बारीक रेघ.

खाणं साधं. गवताचं बी आणि किडे. पिल्लांच्या दिवसांत किडे जास्त, कारण वाढत्या पिल्लांना प्रथिनं लागतात. आंघोळ धुळीची. भुसभुशीत मातीत बसून पंख फडफडवतो, अंगावर धूळ घेतो आणि झटकतो. पिसांतल्या उवा-गोचिडांवरचा हा जुना उपाय.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. हा पक्षी गुजरातपासून केरळापर्यंतच्या पश्चिम पट्ट्याचा. भारताबाहेर कुठेच नाही. थंडीत हजारो मैलांवरून येणारा पाहुणाही तो नव्हे, बाराही महिने इथलाच. घाटावर दख्खनच्या माळांवर त्याचा एक भाऊबंद आहे. १८३२ साली कर्नल साइक्स यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली, म्हणून तो साइक्सचा चंडोल.

गोव्यातल्या मोकळ्या जमिनींवर त्याचे आणखीही नातेवाईक दिसतात. त्यांतल्या डोंबारी चंडोलाचं नाव मला फार आवडतं. नर हवेत चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली कोसळतो, जमिनीला टेकणार असं वाटतं तोच सावरून पुन्हा वर. दोरीवरच्या डोंबाऱ्याला पाहिलेल्या माणसानेच हे नाव ठेवलं असणार.

‘गाणारा पक्षी’ म्हणजे नेमका कोण?

इथे थोडी गंमत आहे. शास्त्राच्या भाषेत कावळा हा गाणाऱ्या पक्ष्यांत मोडतो आणि कोकिळ मोडत नाही! गाणारा पक्षी ही पदवी आवाज गोड आहे की नाही यावर मिळत नाही. गळ्यातल्या यंत्राची रचना आणि गाणं शिकण्याची क्षमता यांवर ती मिळते.

माणसाचा आवाज घशात, श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला तयार होतो. पक्ष्याचा आवाज खालच्या टोकाला, जिथे नळीच्या दोन फुप्फुसांकडे जाणाऱ्या दोन फांद्या होतात तिथे. त्या अवयवाला सिरिंक्स म्हणतात. हा शब्द इथेच सोडून देऊ. लक्षात ठेवायचं ते इतकंच, की जोडणीवर बसलेल्या या यंत्राच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाजू शकतात. एकाच गळ्यात दोन वादक. जुगलबंदी करायला दुसरा लागतच नाही.

आता शिकण्याचं. गाणाऱ्या पक्ष्याचं पिल्लू आधी ऐकतं, मग बडबडतं आणि मग हळूहळू सूर लागतो. आपलं बाळ ‘बाबा, मामा’ करत बोलायला लागतं तसंच. कोकिळेचं पिल्लू मात्र कावळ्याच्या घरट्यात वाढतं, दिवसभर काव काव ऐकतं आणि मोठं झाल्यावर तरीही ‘कुहू’च म्हणतं. त्याचं गाणं जन्मजात, शिकलेलं नव्हे.

चंडोल शिकतो, आणि केवळ बापाकडूनच शिकतो असं नाही. दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज उचलून तो आपल्या गाण्यात गुंफतो. त्याचा युरोपातला तुरेवाला चुलतभाऊ तर याहून वस्ताद निघाला. १९६०च्या दशकात जर्मनीत नोंद झाली, की हे चंडोल मेंढपाळाच्या शिट्ट्या हुबेहूब वाजवत आणि मेंढपाळाचे कुत्रे त्या शिट्ट्यांप्रमाणे वागत. मालक बाजूला उभा आणि हुकूम पक्ष्याचा!

पण गायला आकाशात कशाला जायचं?

मलबारी चंडोल कधी दगडावर बसून गातो, कधी हवेत चढून. कुळातले काही जण तर ठिपका होईपर्यंत वर जातात आणि तिथे तरंगत गातात.

कारण सोपं आहे. जत्रेत भोंगा माडावर बांधतात, जमिनीवर ठेवत नाहीत. जमिनीलगतचा आवाज गवत आणि उंचसखल भाग गिळून टाकतात. जंगलातला पक्षी उंच फांदीवर बसून गातो. सड्यावर फांदीच नाही, मग चंडोल स्वतःलाच भोंगा करून वर टांगतो. ‘ही जागा माझी’ हे शेजारच्या नरांना आणि ‘इथे मी आहे’ हे मादीला, दोन्ही निरोप एकदमच पोचतात.

उडता उडता गायचं तर दम कसा पुरतो? देवळातल्या सनईवाल्याला आठवा. तो सूर तुटू देत नाही. कॅनरी पक्ष्यांवरच्या प्रयोगांत दिसलं, की ते दोन सुरांच्या मधल्या क्षणभराच्या फटीत अगदी छोटा श्वास घेतात. आपल्या कानाला ती फट कळतच नाही.

आणि शिकारी पक्ष्याच्या नजरेत भरत नाही का? भरतो की. पण यातही एक हिशेब आहे. स्कॉटलंडमध्ये मर्लिन नावाचा लहान ससाणा चंडोलांमागे लागतो तेव्हा काय होतं, याचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. पाठलाग चालू असताना जे चंडोल जोरात गात राहिले, त्यांचा नाद ससाण्याने लवकर सोडला. पणजीच्या आल्तिनोचा चढ धावत चढताना एखादा आरामात गप्पा मारत असेल, तर त्याला गाठायच्या फंदात आपण पडत नाही. गाणारा चंडोल ससाण्याला तेच सांगतो: दम आहे अजून, तू दुसरा बघ.

घरटं: पायाखाली, उघड्यावर

गाणं आकाशात, पण संसार पूर्ण जमिनीवर. गवताच्या ठोंबाच्या किंवा दगडाच्या आडोशाला मातीत लहानशी खळगी, तिच्यात बारीक काड्या आणि केस. आमटीच्या वाटीएवढं घरटं. दोन-तीन अंडी, मळकट रंगाची, तपकिरी ठिपक्यांची. विणीचा काळ जागेप्रमाणे मागेपुढे होतो, पण उन्हाळा आणि पावसाळा हे महिने महत्त्वाचे.

जमिनीवरच्या घरट्याला शत्रू किती! मुंगूस, साप, कावळा, भटकी कुत्री, आणि आपल्या मोटारसायकली. म्हणून या कुळात सगळं घाईचं. अंडी साधारण ११ ते १३ दिवसांत फुटतात. पिल्लं आठ-दहा दिवसांची झाली, की नीट उडता येत नसतानाच घरटं सोडून गवतात पांगतात. प्रवासात आपण सगळे पैसे एकाच खिशात ठेवत नाही, त्यातला हा प्रकार. मुंगसाला एक सापडेल, सगळी सापडणार नाहीत.

सगळी मदार लपण्यावर आहे. आणि लपणं म्हणजे झाडाआड जाणं नव्हे. चारही बाजू लांबपर्यंत दिसल्या पाहिजेत, म्हणजे धोका आधी कळतो.

“झाडं लावली तर बिघडलं कुठे?”

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. उत्तरात माझीच एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी जुलैत एका मंडळाने सड्यावर वृक्षारोपण ठेवलं होतं. मीही हौसेने गेलो. कुदळ मारली की ठिणगी उडायची, शेवटी पहारीने खड्डे काढले. दोन तासांत हाताला फोड आले. रोपं लागली, फोटो निघाले, चहा-भजी झाली. मार्चमध्ये पाहिलं तर बहुतेक रोपांच्या जागी काठ्या उरल्या होत्या. हे दिसण्याजोगं नुकसान. न दिसणारं मला नंतर सुचलं: विणीच्या दिवसांत वीस-पंचवीस माणसं त्या गवतात दिवसभर तुडवत फिरत होती. पायाखाली काय गेलं असेल ते कोण सांगणार?

रोपं मेली ते एका अर्थी बरंच झालं. अकेशिया लावला असता तर जगला असता. ऑस्ट्रेलियाकडचं हे झाड गोव्यात उजाड म्हटल्या गेलेल्या जमिनींवर भरपूर लावलं गेलं. त्याच्या पाचोळ्याचा जाड थर जमिनीवर बसतो आणि खाली गवत धड उगवत नाही. वरून हिरवंगार दिसतं, उपग्रहाच्या चित्रात तर फारच छान. पण चंडोलाला तिथे बी नाही, किडे नाहीत, मोकळी नजर नाही. शिवाय झाडावर आता कावळा बसतो आणि वरून घरटी हेरतो.

झाडं लावूच नका असं मी म्हणत नाही. गावात लावा, रस्त्याकडेला लावा, तोडलेल्या जंगलाच्या जागी तर लावाच. अंगणात मात्र माड लावायचा नसतो.

“पक्षीच तो, उडून दुसरीकडे जाईल”

जाईल कुठे? शेजारच्या सड्यावर आधीच दुसऱ्या चंडोलांनी जागा वाटून घेतलेल्या असतात. तो जो वर जाऊन गातो ते त्याचसाठी. आपलं घर पाडून ‘शेजाऱ्याकडे जाऊन राहा’ म्हणण्यासारखं हे आहे. शेजाऱ्याच्या घरात त्याची माणसं आहेत, आणि स्वयंपाक तेवढ्याच माणसांचा होतो.

दुसरी अडचण तुकड्यांची. सडा पूर्ण गेला नाही, मधून फक्त रस्ता गेला आणि चार बंगले आले, तरी कुत्री येतात, कचरा येतो, कचऱ्यामागून कावळे येतात. कागदावर ऐंशी टक्के सडा शिल्लक दिसतो, पण घरटं करण्याजोगा त्यातला फार थोडा.

“तो दुर्मीळ थोडाच आहे?”

नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. जागतिक यादीत मलबारी चंडोल ‘चिंता नसलेल्या’ गटात आहे. पण ती यादी एकूण पक्षी मोजते, आपला गाव मोजत नाही. राज्याची पावसाची सरासरी उत्तम भरली आणि आमच्या वाड्यावरच्या विहिरीने एप्रिलमध्ये तळ गाठला, तर त्या सरासरीचं आम्ही काय करायचं?

शिवाय देशाचं चित्रही फार आश्वासक नाही. २०२३ साली आलेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात माळरानं आणि मोकळ्या जागांवर अवलंबून असलेले पक्षी झपाट्याने घटणाऱ्यांत दिसले. जंगलातल्या पक्ष्याला निदान जंगल या शब्दाचं कवच असतं.

“मग कायदा काय करतो?”

चंडोल पकडणं किंवा पिंजऱ्यात पाळणं हा गुन्हा आहे. त्याच्या घराची गोष्ट निराळी.

गोव्यात एखादी खासगी जमीन जंगल आहे की नाही, हे ठरवायचे तीन निकष आहेत. तिथल्या झाडांत ७५ टक्के झाडं वनातल्या जातींची हवीत, सलग क्षेत्र किमान ५ हेक्टर हवं आणि झाडांच्या छत्राची घनता ०.४च्या खाली नको. छत्राची घनता म्हणजे वरून पाहिलं तर जमिनीचा किती भाग फांद्या-पानांनी झाकलेला दिसतो ते. ०.४ म्हणजे १०० चौरस मीटरांपैकी ४०. आता सांगा, ज्या जागेचा गुणच मुळी उघडं असण्याचा, ती या परीक्षेत पास कशी होणार? माशाला माडावर चढायला सांगून नापास करण्यातला हा प्रकार.

अभयारण्यांची नावं घ्या: मोले, नेत्रावळी, म्हादई, खोतीगाव, बोंडला आणि चोडणचं डॉ. सलीम अली. पाच मुख्यतः जंगलासाठी, एक खारफुटीसाठी. मधल्या पट्ट्यातल्या सड्यांच्या वाट्याला एकही नाही. आपला राज्यपक्षीसुद्धा झाडीतला बुलबुल!

“एवढ्याशा पक्ष्यासाठी विकास अडवायचा?”

माझं घर चिऱ्याचं आहे. तो चिरा कुठल्यातरी सड्यातूनच आला. मोपचा विमानतळ पठारावर उभा आहे, जानेवारी २०२३पासून तिथून विमानं उडतात आणि मीही त्यांत बसलोय. तेव्हा ‘काहीच बांधू नका’ हे माझ्या तोंडी शोभणार नाही. माझी तक्रार हिशेबाबद्दल आहे. जमा-खर्च मांडताना सड्याच्या नावापुढे शून्य लिहिलं जातं, ते चूक आहे.

पक्षी बाजूला ठेवला तरी चूक आहे. जांभा सच्छिद्र असतो. माथ्यावर पडलेलं पावसाचं पाणी भेगांतून, छिद्रांतून मुरत खाली जातं आणि सड्याच्या पायथ्याशी झरीच्या रूपाने बाहेर येतं. त्या झरींवर खालची कुळागरं, म्हणजे माड-पोफळीच्या बागा, आणि विहिरी उभ्या आहेत. वर काँक्रीट पडलं की पाणी मुरायच्या ऐवजी वाहून जातं. जुलैत खालच्या शेतात पूर आणि मेमध्ये टँकर. ग्रामसभेतल्या त्या गृहस्थांची पोफळीची बाग नेमकी सड्याखालीच आहे, हे मी त्यांना नंतर चहा पिताना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण दुसरा चहा त्यांनी मागवला.

माझं मत विचाराल तर पहिलं काम सोपं आहे. प्रत्येक पंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत सड्याचं पान हवं: कुठलं गवत, कुठले पक्षी, खाली किती झरी. रूपांतराचा अर्ज आला, की निदान काय जाणार आहे ते तरी समोर दिसेल.

बघायचा असेल तर

उजाडता उजाडता जा, ऊन चढल्यावर तो गप्प बसतो. कुत्रा बरोबर नेऊ नका. पायवाट सोडू नका, विशेषतः उन्हाळा-पावसाळ्यात. मोबाइलवर त्याचं रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवून त्याला बोलावू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो खाणं टाकून भांडायला येतो. आणि घरटं दिसलंच तर फोटोसाठी वाकू नका, तुमच्यामागून कावळाही बघत असतो.

एका जागी उभे राहा. आधी आवाज येईल, मग आकाशात ठिपका सापडेल. गाणं थांबलं की तो खाली येतो, पण उतरला तिथे धावू नका. चंडोल घरट्यावर थेट उतरत नाही. बराच अलीकडे टेकतो, मान खाली घालून गवतातून पळत पळत घरी जातो. तुम्ही उतरलेल्या जागेकडे टक लावून बघत असता आणि तो केव्हाच तीस पावलं पलीकडे, चिऱ्याच्या एका तुकड्याशेजारी, तुरा पाडून बसलेला असतो.